पाणी न पिणारी पट्टी

नवसरोळी शहराच्या ऐन मध्यावर हौसाकाकूंचं शेत आहे. चहूबाजूंनी उंचच उंच इमारती आणि मधे काळी माती. त्या सकाळी शेतातले तुषार (पाणी शिंपडणारे फवारे) सुरू झाले आणि सगळ्या रानाने पाणी पिऊन टाकलं. मधली एक पट्टी तेवढी डबकं होऊन बसली. माती तीच, पाणी तेच, मग असं का व्हावं?

आप्पा कोड्यात पडले. आप्पा म्हणजे शाल्मलीचे आजोबा, मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारे). शहरातल्या शेतांची तपासणी त्यांच्याकडे असे. शेजारी शाल्मली मान खाली घालून उभी होती. तिला उत्तर ठाऊक होतं.

आप्पांनी 'भुई'ला सोडलं. हा सहा पायांचा यंत्रमानव मातीत सोंड खुपसून आतलं चित्र दाखवतो. आजूबाजूच्या मातीत नुसती भोकंच भोकं दिसली. गांडुळं आणि मुळं अशा बारीक वाटा करतात, त्यांतूनच पाणी आणि हवा खाली जाते, असं आप्पांनी समजावलं. पट्टीखाली मात्र एकही वाट उरली नव्हती.

"हे दृढीकरण (दाबल्यामुळे माती घट्ट होणे)," आप्पा म्हणाले. "पण इथे जड यंत्र आणलं कोणी?"

भुईने निरागसपणे माहिती पुरवली, "लांबी बावीस यार्ड. दोन्ही टोकांना तीन-तीन खड्डे."

आता लपवण्यात अर्थ नव्हता, शाल्मली सांगू लागली. सुट्टीत क्रिकेटच्या मैदानाला विश्रांती होती. गवत पुन्हा धरावं म्हणून नवसरोळीत एकेक मैदान पाळीपाळीने बंद ठेवतात. हौसाकाकूंचं रानही तेव्हा पड होतं, म्हणजे दमलेल्या मातीला ताकद यावी म्हणून न पेरता ठेवलेलं. शाल्मलीला वाटलं, ही तर रिकामी जागा. बांधकामावरचा रोलर ओढून आणायची अक्कल तिचीच, पाणी मारून खेळपट्टी दाबायचीही तिचीच. संघाच्या कर्णधार होत्या बाईसाहेब.

आप्पा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "आपली इमारत तीस मजली. नियमाने तिथे वीसच मजले चालतात. वरचे दहा कुठून आले?"

शाल्मलीने मान वर करून इमारतीकडे पाहिलं.

"या शेतातून," आप्पा म्हणाले. जमिनीबरोबर तिच्यावर बांधायचा हक्कही येतो. हौसाकाकूंनी तो हक्क बिल्डरला दिला, मोबदला घेतला आणि बिल्डरने तेवढे मजले आपल्या इमारतीवर चढवले. याला विकास हक्कांचं हस्तांतरण (एका जागेचे मजले दुसऱ्या जागेला देणे) म्हणतात. त्या बदल्यात हे शेत कायम शेतच राहायचं. अट एकच, माती पिकती हवी. नापीक ठरली, तर तिचं संरक्षण जातं.

शाल्मलीचं घर सव्विसाव्या मजल्यावर होतं. ज्या शेताने तिला घर दिलं, त्याच्याच छातीवर तिने रोलर फिरवला होता. तिला रडूही येईना, इतकी लाज वाटली.

हौसाकाकू आल्या तेव्हा तिने स्वतःच सगळं सांगून टाकलं. काकूंनी वाकून डबक्यात हात घातला आणि खालची माती चाचपली.

"मी सही केली तवा माझी पोरं म्हणली, आई, आमाला हितं घर बांधायचं हुतं. मातीपायी मी त्यास्नी न्हाई म्हणलं. आता तीच मेली तर त्यास्नी काय सांगू?"

अजून मेली नाही, असं आप्पा म्हणाले. खोल खणून ताग पेरला, तर त्याची सोटमुळं (सरळ खाली जाणारी मुळं) पुन्हा वाटा पाडतील. दोनेक वर्षं लागतील, पण गांडुळं परत येतील.

"काकू, तुमच्या मुलांना मी सांगते," शाल्मली कशीबशी म्हणाली. "चूक माझी आहे."

"सांग. पर आदी खण."

पट्टी सुकल्यावर काकूंनी तिच्या हातात कुदळ दिली. पहिल्या घावाला कुदळ उसळून परत आली, इतकी माती तिने घट्ट करून ठेवली होती. शाल्मलीने दुसरा घाव घातला.