पाळण्याचं पॉलिश

विद्याधरनं शिवाजीनगरच्या बाजारातून जुना सागवानी पाळणा आणला आणि पॉलिश घरीच करायचं ठरवलं. दिवसभर कारखान्यात यंत्रांची मापं तपासणाऱ्या माणसाला त्यात कसलं आलंय अवघड! साल एकोणीसशे त्रेसष्ट. प्रतिमाला आठवा लागला होता. पहिली मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली, त्यामुळे या खेपेला दोघांचाही जीव टांगणीला लागलेला.

त्याच शहरातल्या मल्लेश्वरम भागातल्या रघुजींचं घराणं तीन पिढ्या पॉलिशच्या धंद्यात. गडद रंग घ्या, लाकडातलं सगळं झाकतो, असं त्यांनी सुचवलं. विद्याधरला फिकाच हवा होता. मग त्यांनी चपडा लाख आणि ती विरघळवायला स्पिरिट दिलं, आणि कापसाच्या बोळ्याभोवती घरातलं धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड बांधायला सांगितलं.

कापड प्रतिमानं काढून दिलं.

स्पिरिट उडतं, पॉलिशचा हात मिनिटांत वाळतो. दांडे, कडा सुरेख चकाकल्या. पाळण्याचा तळ मात्र मधोमध चिकटच राहिला. जुलैची दमट हवा, विद्याधरनं मनाशी म्हटलं. घासून पुन्हा हात दिला. दुसऱ्या दिवशी तेवढीच जागा ओली. त्यानं पट्टी लावली, ओली जागा एकोणीस इंच लांब भरली. तळवा टेकवला तर ऊब लागली.

चौथ्या दिवशी तिथं स्पिरिटचा वास उरला नव्हता. दुधाचा येत होता. विद्याधर भ्याला, आणि भ्यालो म्हणून स्वतःवरच चिडला.

रविवारी दुपारी रघुजी आले. खिडकीत उघडा पडलेला बोळा एव्हाना दगडासारखा व्हायला हवा होता; तो मऊ होता. त्यांनी गाठ सोडली.

"कापड कुणाचं, अण्णा?"

"आमच्या पहिलीचं दुपटं," दारातून प्रतिमा म्हणाली. "त्याहून मऊ घरात काही नव्हतं."

रघुजींनी बोळा खाली ठेवला आणि बराच वेळ हात पुसले.

"आजच खरवडा. स्वल्पही ठेवू नका. ते वाळायच्या आत."

चहाही न घेता ते गेले.

विद्याधर कोपऱ्यावरून पॉलिशपेपर घेऊन आला, तोवर तळ वाळला होता. कडक, गुळगुळीत. त्याला खरंच हायसं वाटलं. त्यानं प्रतिमाला हाक मारली.

ती पोटाला हात लावून हळूहळू आली.

"मघापर्यंत हलत होतं हो," ती म्हणाली. "आता थांबलंय."

आधारासाठी त्याचा हात पाळण्याच्या कडेवर गेला.

पाळणा हलला. भरल्या पाळण्यासारखा, सावकाश.