दुपारी मंदावणारं कार्ड

"बाई, पोटावर पाय आणलात हो आमच्या!" फोनवर वितरक कळवळून बोलत होता. "तुमचं वाचून दुकानदार माल परत करतायत. कार्ड धडधाकट आहे!"

तिचं मन थाऱ्यावर राहिना. संगणकावरच्या गेमसाठीची ग्राफिक्स कार्डं चालवून बघायची आणि कुठलं सरस ते लिहायचं, हाच तिचा धंदा. शब्द खोटा ठरला तर उद्या कुत्रंही विचारणार नाही. तिने लिहिलं होतं, महागडं कार्ड सकाळी वाऱ्यासारखं पळतं आणि दुपारी मंदावतं, त्यापेक्षा स्वस्तातलं बरं.

स्वस्तातलं तिने महिन्यापूर्वी तपासलं होतं, तेव्हा ते दिवसभर नीट चाललं होतं. तेच आता आपल्या खोलीतल्या संगणकात पुन्हा बसवलं, दिवसभराची चाचणी लावली, दार ओढून घेतलं आणि नेहमीसारखी लिहायला कचेरीत गेली.

संध्याकाळी येऊन बघते तर तेही दुपारपासून मंदावलेलं. म्हणजे खोट कार्डात नव्हती. घरात होती.

पहिला संशय धाकट्या भावावर. नोकरी सुटल्यापासून स्वारी घरातच.

"माझ्या माघारी गेम खेळतोस?"

"त्या भट्टीत? काल दुपारी चार्जर शोधायला दार उघडलं, तर तोंडावर वाफच आली."

"काहीतरीच. एसी चालू ठेवून जाते मी."

"मग मला काय स्वप्न पडलं?"

ती खोलीत गेली. एसी चालू होता, पण आकडा चोवीसचा. सकाळी तर तिने वीसवर ठेवला होता, आणि रिमोट दिवसभर तिच्याच पर्समध्ये होता.

विचार करत ती बाबांच्या खोलीत डोकावली. डोळे मिटलेले, छाती भात्यासारखी वरखाली. उशाशी ऑक्सिजनचं यंत्र बंद होतं. डॉक्टरांनी ते फक्त रात्री लावायला सांगितलं होतं. पांघरूण सारखं करताना तिचा हात यंत्राला लागला.

यंत्र गरम होतं.

आई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती.

"आई, दुपारी एसीचा खटका कोण पाडतं?"

"मी कशाला पाडू?"

"तुझं नाव मी घेतलंच नाही."

आईचं फडकं थांबलं. भाऊ दारात येऊन उभा राहिला.

"वीज जाऊन परत आली की आपला एसी आपोआप चोवीसवर येतो," ती हळू बोलू लागली. "रिमोट माझ्याजवळ, म्हणजे कुणीतरी बाहेरच्या बोर्डावरून खटका पाडला. संगणकाची लाइन वेगळी, म्हणून तो चालूच राहिला. खोली तापली. कार्ड तापलं की जळू नये म्हणून आपणच वेग कमी करतं. दोन्ही कार्डांनी तेच केलं. मी यायच्या आत खटका वर. आता, एसी बंद करून त्या लाइनवर काय चालवायचं होतं? बाबांचं यंत्र आत्ताही गरम आहे, आई."

"दोन्ही एकदम लावलं की घरभर अंधार होतो गं," आई म्हणाली. "आधी दुपारी घटकाभरच लागायचं. आता जेवण झाल्यापासून तू येईस्तोवर."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"त्यांनी शपथ घातली. म्हणाले, पोरीला कळलं तर कामधाम सोडून उशाशी बसेल. तुझी गाडी वाजली की स्वतःच नळी काढून ठेवतात."

भावाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

तिने तडक डॉक्टरांना फोन लावला. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "यंत्र दिवसभर चालू द्या. त्यांना आराम पडेल. पण फुप्फुसं आता सुधारायची नाहीत. यापलीकडे माझ्याही हातात काही नाही."

दुसरा फोन वितरकाला. "कार्ड चांगलं आहे तुमचं. चूक माझी. उद्या तसं जाहीर करते."

"पण बाई, दोष होता तरी कशात?"

"घरातल्या वायरिंगमध्ये," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिने स्वतःच एसीचा खटका पाडला, बाबांच्या नाकाशी नळी लावली आणि यंत्र सुरू केलं. बाबांनी डोळे उघडले, तिला पाहिलं आणि पकडलं गेल्यासारखे पुन्हा मिटून घेतले. तिने त्यांचा हात हातात घेतला. करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

आई मागून येऊन उभी राहिली. फडकं अजून तिच्या हातातच होतं.

"तुझ्या कामाचा फार खोळंबा झाला का गं?" तिने विचारलं.