धक्क्यावरचा फळा

डोळे मिटा पाहू क्षणभर. घाई नको. आता असं समजा, की तुम्ही थळच्या पुढे एका खाडीच्या काठावर उभे आहात. सन एकोणीसशे तेहेतीस. मार्गशीर्षातली सकाळ. ओहोटीनं काळा चिखल उघडा पडलाय, आणि धुकं असं, की समोरून येणारा माणूस आधी खोकल्यावरून ओळखायचा, मग चेहऱ्यावरून. दगडी धक्क्यावर पत्र्याचं एक छप्पर आहे. छपराच्या खांबाला टांगलेला काळा फळा दिसतोय का?

दिसला ना? मग त्याच्यावर नजर ठेवा.

मुंबईची लाँच कधी सुटणार, ते त्या फळ्यावर रोज लिहिलं जाई. अर्ध्या भागात मराठी, अर्ध्यात इंग्रजी. कंपनीचा तसा हुकूमच होता. मराठी बाजू सगळे वाचत. इंग्रजीकडे कुणी बघत नसे.

त्या सकाळी एकीनं बघितलं.

ती होती पद्मा. चौलची, बावीस वर्षांची, मुलींच्या शाळेत नुकतीच लागलेली. शाळेकडे जाता जाता ती छपराखाली थांबली, फळ्याजवळ गेली, आणि पदराच्या टोकानं एका इंग्रजी शब्दाचं शेवटचं, सापासारखं वळलेलं अक्षर तिनं पुसून टाकलं.

"अहो बाई! कंपनीचा फळा आहे तो."

खिडकीतून डोकावणारा तरुण म्हणजे यज्ञेश्वर, नागावच्या वाडीवाल्यांचा मुलगा, धक्क्यावरचा कारकून.

"कंपनीचा असेल. चूक कुणाची?" पद्मा म्हणाली. "इंग्रजीत लगेज म्हणतात. एक वळकटी असो नाहीतर दहा ट्रंका, लगेजच. लगेजेस नाही. आपण नाही का, सामान कितीही असलं तरी सामानच म्हणत?"

"आधीच्या कारकुनानं लिहून ठेवलेलं, मी तेच गिरवत आलो."

"म्हणजे चूकसुद्धा वारशानं मिळाली तुम्हाला."

तो हसला. ती हसली नाही… पण वळताना पदराला लागलेला खडू तिनं झटकलाही नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर होतं, द लाँच विल लीव्ह लेटली.

"लेट म्हणजे उशिरा," पद्मा म्हणाली. "लेटली म्हणजे अलीकडे, हल्ली. लाँच हल्ली सुटेल, असं लिहिलंत तुम्ही."

"हल्ली सुटतच नाही हो. धुकं बघा ना!"

"खडू द्या इकडे."

"माझा संपला. तुमचा बॉरो कराल मला?"

"बॉरो म्हणजे उसनं घेणं. देणं म्हणजे लेंड."

"देणारं कोण आणि घेणारं कोण, तिथंच माझा घोटाळा होतो…"

"तो मिटेपर्यंत खडू मिळणार नाही," म्हणत तिनं आपल्या पिशवीतला खडू काढून खिडकीत ठेवला.

मग रोज एक चूक. रोज दोन घटका. धुक्यात तिची पावलं वाजली, की खिडकीतला टाक थांबे. कधी तो काही बोले, कधी नुसता बघे. आणि ती शब्द जितका हळू पुसता येईल, तितका हळू पुसे.

एके दिवशी त्याच्या मेजावर कंपनीला लिहिलेलं पत्र उघडं पडलं होतं. दोन पानं, सगळी इंग्रजीत. पद्मानं उभ्या उभ्या वाचलं. एकही चूक नव्हती… एकही.

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पत्र तिनं होतं तसंच राहू दिलं. दुसऱ्या दिवशी फळ्यापुढं येऊन म्हणाली, "आज काय घोटाळा केलात, कारकूनसाहेब?"

इथं मी तुम्हाला थोडं थांबवतो. कारण त्या छपराखाली तिसरंही कुणी होतं, आणि त्या दोघांनी तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. तुम्ही पाहा.

अकरा वर्षांची रंगू. बायजा कोळिणीची मुलगी. आई सुक्या मासळीची पाटी लाँचवर चढवी, तोवर रंगू फळ्यासमोर बसून वहीत इंग्रजी उतरवी. पद्माच्या शाळेत इंग्रजी नव्हतं. पुस्तकही नव्हतं. पद्मानंच तिला सांगितलं होतं, "मी फळा सुधारला, की मग उतरवून घेत जा. तेच तुझं पुस्तक."

याला कारण होतं. मुंबईच्या एका मुलींच्या शाळेत दरवर्षी किनाऱ्यावरच्या एका मुलीला राहण्याजेवण्यासकट मोफत जागा मिळे. इंग्रजीची छोटी परीक्षा होई. बारा वर्षं पुरी झाली, की मुलगी बाद. पुढच्या वर्षीच्या पौषात रंगूला बारा पुरी होणार होती. म्हणजे ही एकच संधी.

बायजा पद्माला म्हणाली होती, "बाई, जागा मिलाली तं शिकू दे तिला, मी आड येयाची न्हाय. न्हाय मिलाली तं दुसऱ्या दिसापास्नं पाटी तिच्या डोक्यावर. माझी मान आता वजन घेत न्हाय."

परीक्षेला पंधरा दिवस राहिले, आणि पद्माला हिवतापानं गाठलं. अंथरुणावरून तिनं निरोप धाडला, "मी नसले तरी फळा सोडू नकोस, रंगू."

इकडे यज्ञेश्वर रोज वाट बघे. पावलं वाजत नव्हती. तिला ताप आहे हे कळलं, पण परक्या तरुणीच्या दारात जाऊन विचारणार कसं? मग तो रोज एक नवी चूक फळ्यावर मांडू लागला. ती उठून येईल, एकदम सगळं वाचेल, हसेल… बोटमेन वर्क हार्डली, असं त्यानं लिहिलं. हार्ड म्हणजे कष्टानं. हार्डली म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. दुसऱ्या दिवशी टीच, म्हणजे 'शिकवणं', म्हणायचं तिथं लर्न, म्हणजे 'शिकणं', घातलं. तिसऱ्या दिवशी आणखी काही. फळा भरत गेला. पुसणारं कुणी नव्हतं.

उतरवून घेणारी होती. एकदा तिच्या पेन्सिलीचं टोक मोडलं, तेव्हा यज्ञेश्वरनंच चाकूनं ते करून दिलं. "काय गिरवतेस गं?" त्यानं विचारलं, पण उत्तराची वाट न बघता तो धुक्याकडे बघत राहिला.

परीक्षेच्या दिवशी पद्मा भिंतीला धरत शाळेत आली. मुंबईच्या शाळेच्या बाई परीक्षा घ्यायला लाँचनं आल्या होत्या. चष्म्याच्या, करड्या केसांच्या, शांत. ओटीवर पाच मुली बसल्या. बाहेर बायजा पाटी घेऊन पहाटेपासून उभी होती.

रंगूनं सगळ्यांच्या आधी पान भरून दिलं. बाईंनी ते वाचलं, आणि मऊ आवाजात विचारलं, "तुझी आई काम करत नाही का गं?"

"करते की! लई करते."

"मग माय मदर वर्क्स हार्डली असं का लिहिलंस?"

रंगू गोंधळली. पद्मानं पान हातात घेतलं. आईबद्दलची ती ओळ. खाली, माय टीचर लर्न्स मी इंग्लिश. त्याखाली आणखी सात ओळी. अक्षर मोत्यासारखं, आणि प्रत्येक ओळीत एकेक चूक, घट्ट पाठ केलेली. चुका करणारा माणूस पद्माला चांगला ओळखीचा होता.

"मुलगी हुशार आहे," बाई म्हणाल्या. "पण पाया वाकडा बसलाय. असं कुणी शिकवलं हिला?"

रंगू म्हणाली, "फळ्यावर तसंच…"

"मी," पद्मा म्हणाली. "मीच शिकवलं."

जागा दुसऱ्या मुलीला गेली.

रंगूनं पानावर काय उतरवलं होतं, ते बायजाकडून कळताच संध्याकाळच्या लाँचला यज्ञेश्वरनं त्या बाईंना गाठलं. लाँचवर चढायच्या फळीच्या तोंडाशी उभा राहून त्यानं सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. "आज मी तुमचं ऐकलं, तर त्या दुसऱ्या मुलीला काय सांगू?" एवढंच म्हणाल्या, आणि आत गेल्या.

तो वळला, तर छपराखाली पद्मा उभी होती. शालीत गुंडाळलेली, फिकट.

"तुम्ही थांबावं म्हणून लिहीत होतो मी," तो म्हणाला. "दुसरं काही सुचत नव्हतं… सरळ सांगायचं धैर्य नव्हतं. पद्मा, माझं तुझ्यावर…"

"ठाऊक आहे." तिनं खांबाला हात टेकला. "तुमचं पत्र वाचलं होतं मी. तुम्हाला सगळं येतं, हे ठाऊक होतं, तरी रोज पुसत राहिले. मलाही ते हवं होतं. मलाही…"

खाडीत लाँचचा दिवा विझत विझत गेला.

"मग आता?" त्यानं विचारलं.

"आता या फळ्यापुढं माझ्यानं उभं राहवणार नाही. तुमच्याकडे बघितलं, की मला तिची वही दिसेल. मी राजीनामा देतेय. भावाकडे मुंबईला जाते."

तिनं शाल ओढून घेतली आणि ती वळली.

दुसऱ्या दिवसापासून रंगूच्या डोक्यावर पाटी आली. चुंबळ मोठी, डोकं लहान. ती धक्क्यावरून जाई, पण फळ्याकडे मान वळवत नसे. मान वळवली, तर पाटी पडेल ना!

तिसऱ्या दिवशी यज्ञेश्वरनं तिची पाटी उतरवली आणि तो तिच्यासमोर दगडावर बसला. मोठी माणसं लहानांपुढं सहसा अशी बसत नाहीत.

"रंगू, त्या दिवसांत फळ्यावर होतं ते चूक होतं. मी मुद्दाम लिहायचो."

"मुद्दाम? कशाला, कारकूनदादा?"

"तुझ्या बाईंनी थांबावं म्हणून."

रंगूनं मान वळवून फळ्याकडे पाहिलं. "चूक दिसली, की बाई थांबायच्या?"

"थांबायच्या. चूक तशीच टाकून त्यांना पुढं जाताच यायचं नाही."

"हूं," ती म्हणाली. "पाटी उचला."

आठवड्यानं पद्मा निघाली. तसंच धुकं. एक ट्रंक, एक वळकटी. यज्ञेश्वर पहाटेच येऊन बसला होता. त्यानं फळा ओल्या फडक्यानं दोनदा पुसला आणि वळणदार अक्षरात इंग्रजी बाजू लिहिली. लाँच आठला सुटेल. उतारूंनी आपलं लगेज सांभाळावं. एकही चूक नाही. याहून जास्त काही तिला देण्यासारखं त्याच्याजवळ उरलं नव्हतं.

पद्मा छपराखाली आली. फळा वाचला. खिडकीकडे पाहिलं… पापण्या लवल्या. थांबण्याजोगं काहीच नव्हतं. ती तशीच पुढं गेली. अंबाजी खलाशानं ट्रंक आत घेतली. भोंगा झाला. पद्मानं फळीवर एक पाऊल ठेवलं.

तेवढ्यात रंगूनं पाटी खाली ठेवली. बायजा ओरडली, "अगं ए, कुठं चाललीस?" पण ती थांबली नाही. खिडकीतला खडू तिनं उचलला. टाचा उंचावून फळ्यावरची शेवटची ओळ बोटानं, एकेक अक्षर करत वाचली. लगेज. बरोबर होतं ते, हे तिला आता पक्कं माहीत होतं.

मग जीभ दातांत धरून, त्या शब्दाच्या शेवटी, तिनं सापासारखं वळलेलं एक अक्षर सावकाश काढलं. मागं सरून बघितलं. आणि धुक्यात, जितका येईल तितका मोठा आवाज काढून हाक मारली,

"बाई! फळा चुकलाय!"

मग पुसायचं ओलं फडकं हातात घेऊन, हात पुढं करून, ती तशीच उभी राहिली.