मोटारीचं तोंड गावाकडे

फाल्गुनातल्या एका शुक्रवारी, दिवसाढवळ्या, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत उंबरदऱ्याच्या महिपतरावांची पुतणी मथुरा मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर पळून गेली.

नाही, असं काही झालेलं नाही. आंबा घाटाच्या पोटातलं हे साठ उंबऱ्यांचं गाव आजही छातीवर हात ठेवून सांगेल की मथुरा कुठे गेलीच नाही. तेव्हा आपणही तसंच धरून चालू, आणि जे झालं नाही ते कसं झालं, एवढंच पाहू.

सन एकोणीसशे तीस. महिपतरावांनी रत्नागिरीच्या लिलावात एक जुनी, उघड्या टपाची मोटार घेतली आणि तिच्या दारावर पाटी रंगवून घेतली : ‘उंबरदरा प्रायव्हेट मोटर सर्व्हिस. रत्नागिरी–पाली–कोल्हापूर. लांब पल्ला. वेळ : निघेल तेव्हा.’ मोटारीबरोबर ड्रायव्हरही आला – मिरकरवाड्याचा केरू. बोटीच्या इंजिनावर हात काळे केलेला, सव्वीस वर्षांचा, आणि काहीही बोलताना चेहऱ्यावरची रेष न हलवणारा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मोटार पहिल्यांदा घाटाखाली येऊन महिपतरावांच्या बेड्यापाशी, अंगणाच्या फाटकाशी, थांबली, ती फुसफुसतच. घरात मथुरा एकटी होती. वय एकोणीस. आईबाप लहानपणीच गेलेले. काका आणि येसूकाकूनं वाढवलेली. उंबरदऱ्यात दारी आलेल्याला गूळपाणी दिल्याशिवाय ‘कोण’ असंदेखील विचारत नाहीत. तिनं तांब्या आणि वाटीत गुळाचा खडा आणून पुढं केला.

केरूनं गूळ तोंडात टाकला. तांब्या घेतला. मोटारीच्या नाकावरचं झाकण फडक्यानं उघडलं – वाफेचा हा एवढा फूत्कार! – आणि सगळं पाणी आत ओतलं.

मथुरा दोन पावलं मागं सरली. “अगो बाई! माणसाला दिलेलं पाणी मोटारीला पाजलंत?”

“तहान तिला लागली होती.”

“मग गूळ?”

“गूळ तिला चालत नाय. दात दुखतात.”

“मोटारीला... दात असतात?”

“असतात की. आतल्या चाकांना. दाखवू?”

“नको,” मथुरा घाईघाईनं म्हणाली. मग रिकामा तांब्या छातीशी धरून, पायाच्या अंगठ्याकडे बघत – “पुढच्या खेपेला दाखवा.”

त्यानंतर मोटारीला नेमकी उंबरदऱ्यातच तहान लागू लागली. कोल्हापूरला जाताना लागे, कोल्हापूरहून येताना लागे. येसूकाकू ओसरीवर तांदूळ निवडत एकदा म्हणाली, “चढावर तहान लागते ती समजते बाय. ही मेली उतरून येतानासुद्धा कशी घशाला कोरड पडलेली असते?” मथुरेनं राखेची आणखी एक चिमूट घेतली. ती तांब्या घासत होती. तो आधीच तीनदा घासून झाला होता.

माघात केरूनं खालून सुरंगीच्या फुलांचा वळेसर, गजरा, आणला. केळीच्या पानात गुंडाळलेला, अजून ओलसर. हातात द्यायचं धाडस नसल्यामुळे तो त्यानं मोटारीच्या भोंग्याला बांधला.

“हा कुणाला?” मथुरेनं विचारलं.

“तुम्हाला. मोटारीनं दिलाय. एवढं पाणी प्याली तुमच्या हातचं...”

“आणि मोटारीच्या ड्रायव्हरनं?”

केरूनं वाकून चाक तपासलं. चाक ठीक होतं. “ड्रायव्हर,” तो म्हणाला, “काकांशी बोलणाराय.”

आणि तो खरोखरच बोलला. महिपतरावांना धक्का बसला. दुसरा धक्का नकार द्यायला कारण शोधताना बसला – जात एक, कूळ वेगळं, मुलगा निर्व्यसनी. शेवटी ते खाकरून म्हणाले, “तू दर्यावरचा, आम्ही डोंगरातले. पाणी कधी घाट चढत नाय.”

“मी प्रत्येक खेपेला चार डबे चढवतो,” केरू म्हणाला.

हे अक्षरशः खरं असल्यामुळे महिपतराव फार भडकले. आठ दिवसांत त्यांनी मथुरेसाठी पालीचा लाकडाचा ठेकेदार ठरवला – हरिश्चंद्र, वय बेचाळीस, बिजवर, मिशी मात्र पहिलीच. सुपारी फोडायची शुक्रवारी, वाघजाईच्या देवळात. पेट्रोलचे डबे भाताच्या कोठीत ठेवून कोठीला कुलूप लागलं, आणि केरूला हुकूम झाला : शनिवारी मोटार सोडून, चालत, खाली.

शुक्रवारी सगळं गाव देवळाच्या पायऱ्यांवर. मथुरेला हिरवं लुगडं नेसवून येसूकाकूनं देवीसाठी कळशीभर पाणी आणायला पऱ्याकडे, घाटाच्या तोंडाशी असलेल्या ओढ्यावर, पाठवलं. घरामागेच विहीर होती. पण काकूनं पऱ्याकडेच पाठवलं.

पऱ्याच्या वळणावर मोटार उभी होती, आणि केरू तिला पुसत होता.

“उद्या जाणार?”

“हो.”

“मला एकदा बसवाल? पाच महिने पाणी भरतेय मी हिचं... बसले कधी नाही.”

केरूनं दार उघडलं. ती पुढच्या सीटवर बसली, भरलेली कळशी मांडीवर. मोटार सुरू झाली – आणि केरूनं ती गर्रकन फिरवली. तोंड गावाकडे, पाठ घाटाकडे. मग मोटार मागं मागं, पाठमोरी चढ चढू लागली.

“अगो बाई! ही उलटी का चाललीय?”

“काकांनी डबे कोंडलेत. टाकीत तळाला घोटभर उरलंय, आणि टाकी आपल्या सीटखाली. नाक वर करून चढलो तर इंजिन वर नि पेट्रोल खाली, एक थेंब पोचायचा नाय. पाठ वर केली की आपोआप उतरतं इंजिनात.”

“आणि आपण चाललोय कुठं?”

“वर.”

“वर म्हणजे?”

“पहिल्या वळणापर्यंत. नायतर माथ्यापर्यंत. नायतर...” केरू मान वळवून मागचा रस्ता बघत होता, त्यामुळे हे सगळं तो तिच्या कानाशीच बोलत होता. “...तुम्ही सांगाल तिथपर्यंत.”

मथुरेच्या हातातली कळशी हिंदकळली. “ओ... आपण पळून चाललोय काय?”

शेजारून गवळ्याची एक म्हैस त्यांना मागं टाकून वर गेली.

“ह्या वेगाला पळणं म्हणत नायत,” केरू म्हणाला.

माणसं पळून जाताना मागं वळून बघत नाहीत म्हणतात. मथुरेची पंचाईत अशी की तिला समोरच गाव दिसत होतं. देऊळ, पायऱ्या, काकांचं पागोटं, ठेकेदाराची मिशी – आणि सगळ्यांचे चेहरे तिच्याकडे. काका चार ढांगांत गाठतील इतकंच अंतर. तिनं डोळे मिटले.

पण उंबरदऱ्याला मोटारीबद्दल एकच गोष्ट पक्की ठाऊक होती : जाताना ती पाठ दाखवते आणि येताना तोंड. तोंड दिसलं की गुरवानं घंटा द्यायची, घरातून गूळपाणी काढायचं – पाच महिन्यांत हा रिवाजच पडून गेला होता. तेव्हा वळणावर मोटारीचं तोंड दिसताच गुरवानं घंटा दिली.

“कोल्हापूरची मोटार आली,” महिपतराव म्हणाले. “आणि पुढं कोण, मथुरा? ही कधी गेली कोल्हापूरला?”

“गेली असेल,” येसूकाकू म्हणाली. “येतेय ना परत? मग झालं.”

सगळे थांबले. गूळपाणी आलं. मोटार फुरफुरत होती, तोंड अगदी गावाकडे.

“वहिनी,” ठेकेदार जरा वेळानं म्हणाला, “मोटार लहान होत चाललीय.”

“लांबची मोटार लहानच दिसते, पाव्हणं.”

“पण मघाशी मोठी होती!”

“बेचाळीस वर्षांचे डोळे तुमचे,” काकू मायेनं म्हणाली. “जरा सावलीत बसा.”

मथुरेनं डोळे उघडले तेव्हा काका उपरणं हलवून ‘ये, ये!’ करत होते. एवढ्या प्रेमानं बोलावलेलं असताना पळून गेलेली दुसरी मुलगी त्या मुलुखात झाली नसेल. आणि काकांच्या मागं, कुणाचं लक्ष नाही असं बघून, येसूकाकूनं दोन्ही हात वर नेले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. एवढ्या लांबून आवाज येणं शक्य नव्हतं. मथुरेला आला.

ती रडू लागली. रडता रडता तिनं हात हलवला. खालून साठ उंबऱ्यांनी हात हलवला.

घाटमाथ्यावर, कोल्हापूर संस्थानाची हद्द लागते तिथं, पेट्रोलचा शेवटचा थेंब संपला. मोटार उसासा टाकून उभी राहिली. एकदम शांत झालं. करवंदीच्या फुलांचा वास येत होता.

“मी पहिल्या वळणावरच थांबणार होतो,” केरू म्हणाला. प्रथमच त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली. “खरंच. पण पाय ब्रेकवर जाईना.”

“मीही उतरणार होते.”

“मग?”

“मला दार उघडता येत नाही. कुणी शिकवलंच नाही...”

“शिकवू?”

मथुरेनं कळशीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि त्याच्यापुढं धरलं. “नको,” ती म्हणाली. “आणि हे मोटारीला नाही हां. हे माणसाला.”

केरू ते पाणी प्याला. सगळं. इतक्या हळू, की तिला ओंजळ दोनदा सावरून धरावी लागली.

लग्न कोल्हापुरात केरूच्या बहिणीच्या, गोदूबाईच्या दारात लागलं. इकडे ठेकेदार दिवेलागणीपर्यंत वाट बघून गूळ चघळत पालीला परतला. दुसऱ्या दिवशी महिपतराव पोलीसपाटलाकडे गेले. पाटलानं विचारलं, “मुलगी गेली कधी?” महिपतराव म्हणाले, “गेली नाय. येतेय.” येत असलेल्या मुलीची तक्रार कशी लिहायची, हे पाटलाला माहीत नव्हतं. गावानंही तेच धरून ठेवलं. साठ घरांनी हात हलवला होता, आता कुठल्या तोंडानं पळाली म्हणायचं? मात्र त्यामुळे तिला माघारी बोलावणंही अशक्य झालं. जी गेलीच नाही, तिला परत ये म्हणून कसं लिहायचं?

पुढच्या वर्षी फाल्गुनात कोल्हापूरहून येसूकाकूला एक कार्ड आलं. काकूनं ते मोठ्यानं वाचलं, दोनदा. महिपतराव दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी दौत मागवली, बैठक मारली आणि पुढीलप्रमाणे लिहिलं :

‘मेहेरबान कलेक्टरसाहेब, जिल्हा रत्नागिरी, यांचे हुजुरास. अर्जदार महिपत बिन केशव, राहणार मौजे उंबरदरा, विनंती अर्ज करतो ऐसा जे, अर्जदाराची पुतणी चि. सौ. मथुरा हीस सातवा महिना लागला असून पहिले बाळंतपण माहेरी करावे असा आमचे घरचा रिवाज आहे. परंतु वाटेत आंबा घाट असून त्यात वळणे पुष्कळ व धक्के बेसुमार आहेत. सबब, सदरहू घाट येत्या चैत्र वद्य पंचमीपासून तीन महिने सरकारी खर्चाने सपाट करून मिळावा. बाळबाळंतीण सुखरूप घरी पोचल्यावर घाट पुन्हा होता तसा उभा करण्यास अर्जदाराची काही एक हरकत नाही. कळावे.’