बांबूवरचा डोंगल

यात मी मीठमसाला घातलेला नाही. उलट दोन गोष्टी गाळल्यात, कारण बनाताई हे वाचेल.

अमावस्या नव्हती, मध्यरात्रही नव्हती. गेल्या वर्षीच्या श्रावणातला साधा बुधवार, दुपारचे साडेतीन. जागा म्हणाल तर मार्गासनीच्या वर, डोंगराच्या कुशीतली सात घरांची वस्ती. भुतं बारा वाजल्याशिवाय बाहेर पडत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं.

बनाताई माझी चुलत बहीण. तिची मुलगी रत्ना, वय बावीस. त्या दुपारी ती घरात एकटी होती. बनाताई शेरडं घेऊन वर माळावर गेलेली. रत्नाचे वडील, कुंडलिकदाजी, नसरापूरला अडकलेले. दरड पडून दोन दिवस एसटी बंद होती, आणि घरातला एकुलता एक मोबाईल दाजींच्या खिशात.

रत्नाला पाचच्या आत नर्सिंगच्या अर्जाला एक दाखला जोडायचा होता. फाइल लॅपटॉपमध्ये तयार होती, नुसती पाठवायची. पाच वाजले की जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

दोन वर्षांपूर्वीही तिनं हाच अर्ज भरला होता. तेव्हा तिचा थोरला भाऊ संपत जिवंत होता.

वस्तीवर रेंजच नाही. संपतनं त्यावर जुगाड काढला होता. जुना डोंगल, म्हणजे पेनड्राइव्हसारखा दिसणारा इंटरनेटचा मोडेम, आईच्या पिठाच्या चाळणीत बांधायचा. चाळण बांबूच्या टोकाला. लांब वायर पत्र्याच्या फटीतून खाली तेव्हाच्या जुन्या लॅपटॉपला. मग तो पत्र्यावर चढून बांबू फिरवायचा आणि रत्ना खाली स्क्रीनकडं डोळे लावून बसायची.

"रत्ने, आली का गं रेंज?"

"न्हाई! जरा डावीकडं!"

रेंज आली की रत्नानं ओरडायचं, "बास, उतर!" मगच तो खाली यायचा.

दोन वर्षांपूर्वी रेंज आली… आणि रत्ना अर्जात इतकी गुंतली की ओरडायचं राहूनच गेलं. वर तो विचारत राहिला. आली नसंल म्हणून अजून डावीकडं सरकत राहिला. पत्रा पावसानं निसरडा झालेला.

दाजींनी त्याच संध्याकाळी शिडी फोडून चुलीत घातली. त्या पत्र्यावर पुन्हा कुणी चढलं नाही.

हे ध्यानात ठेवा.

तर त्या बुधवारी रत्नानं ट्रंकेतून डोंगल काढला. लॅपटॉप मीच दिलेला, कोरा करकरीत, नव्या विंडोजचा. तो या म्हाताऱ्या डोंगलला ओळखच दाखवेना. सेटअप सुरू व्हायचं आणि 'हा प्रोग्रॅम इथे चालणार नाही' म्हणून बंद पडायचं. नसरापूरच्या दुकानदारानं तर मागंच सांगितलं होतं, "ताई, हे आता पोराबाळांना खेळायला द्या."

पण पोरगी चिवट. तिनं सेटअपला जुन्या विंडोजवर चालल्यासारखं चालवून बघितलं. नाही झालं. मग मोडेमच्या नावापुढं पिवळी खूण दिसली, तिथं जाऊन ड्रायव्हर हातानं निवडून दिला.

पिवळी खूण गेली.

आता फक्त डायल करायचा नंबर हवा होता. तो दाराच्या मागं होता. संपतच्या अक्षरात, पेन्सिलीनं…

*99#

त्या अक्षरावरून तिनं एकदा बोट फिरवलं. मग बाहेर जाऊन डोंगल चाळणीत बांधला, बांबू उभा केला, वळचणीच्या खांबाला सुंभानं घट्ट आवळला, आणि आत येऊन डायल केलं.

सेवा नाही.

पुन्हा केलं. सेवा नाही.

साडेचार झाले. तिला रडू फुटलं. भाऊ गेला तो या अर्जापायी, आणि आता अर्जही जाणार.

तेवढ्यात शेजारचं कुत्रं भुंकता भुंकता थांबलं. मागच्या ओढ्याचा आवाज… तोही येईना.

आणि पत्रा वाजला.

एक पाऊल…

दुसरं…

"रत्ने, आली का गं रेंज?"

आता माणसाची सवय बघा. डोळे स्क्रीनवर, जीव घड्याळात. तिच्या तोंडून निघूनच गेलं,

"न्हाई! जरा डावीकडं!"

वायर सरकली. रेंजची एक रेघ आली… दोन… चार.

जोडणी झाली. फाइल चढायला लागली.

"रत्ने, आली का गं?"

आता मात्र तिला कळलं, आपण कुणाशी बोललो. फाइल निम्मी चढली होती.

"आली का गं?"

ती गप्प बसली. भीतीनं नव्हे. हे तिनं मला नंतर सांगितलं, माझ्या डोळ्यांत न बघता. "मला वाटलं, बोलले तर त्यो उतरंल आणि रेंज जाईल, मामा. म्हणलं, आधी अर्ज जाऊ दे."

चार बावन्नला स्क्रीनवर आलं, दाखला मिळाला.

तिनं 'बास' म्हणायला तोंड उघडलं…

वर पत्रा घासल्याचा आवाज झाला. आणि घरामागं काहीतरी धप्पकन पडलं.

ती धावली. मागं काही नव्हतं. गवतसुद्धा दबलं नव्हतं. पत्र्याच्या डाव्या कडेला मात्र शेवाळ खरवडून निघालेलं. बांबू डावीकडं वळलेला, आणि सुंभाची गाठ तिनं मारली होती तशीच घट्ट.

दुसऱ्या दिवशी दाजी आले. डोंगल बघून म्हणाले, "ह्यात सिम कुठं हाय? पोराचा नंबर बंद पडू नये म्हून म्या कवाच माझ्या मोबाईलात घातलंय."

रत्नानं डोंगलचं झाकण उघडलं. सिमची जागा रिकामी होती.

रत्ना आता पुण्याला हॉस्टेलवर असते. दिवाळीलासुद्धा घरी गेली नाही. परवा बनाताईनं खाली मार्गासनीला येऊन फोन केला. पाऊस धरल्यापासून रोज दुपारी पत्रा वाजतो म्हणाली. "त्यो इचारतोय, आली का म्हून. म्या किती डाव वरडले, बास, उतर बाळा. पर माझं न्हाई ऐकत त्यो."

रत्नाला मी हे सांगायला नको होतं. सांगितलं.

ती म्हणाली, "शनवारी जाते. तुमी पण चला, मामा. आणि येताना शिडी आणा. त्यानं उतरायचं कशानं?"

शिडी काल आणली. माझ्याच अंगणात भिंतीला टेकवून ठेवलीय. तिच्याकडं पाठ करून मला झोपवत नाही.