व्हाया बंगळूर

काचीगुडा स्टेशनासमोरच्या ट्रॅव्हल ऑफिसात रेणू फोनवर आईशी वांग्याच्या भाजीवरून भांडत होती. रस्त्यानं चाललेला कौस्तुभ मराठी ऐकून सरळ आत शिरला. मूळचा पुण्याचा, इथं कंपनीत नोकरी, आणि हसला की डाव्या गालावर खळी! रेणूनं फोन ठेवला आणि भाजीचा विषय साफ विसरली.

मग तो दर शनिवारी येऊ लागला. कधी उस्मानिया बिस्किटं घेऊन, कधी नुसताच. रेणू शुक्रवारीच ओढणीला इस्त्री करून ठेवू लागली.

आणि एका शनिवारी त्यानं विचारलं, "पुण्याला विमानानं किती वेळ लागतो हो?"

"कायकू? घरची आठवण यायलीय?"

"आईनं मुलगी पाहायला बोलावलंय. सायली... कथक करते म्हणे."

रेणूचा नुसता जळफळाट झाला. कथक करते म्हणे! समोरच्या स्क्रीनवर थेट विमान ढळढळीत दिसत होतं. अंतर जेमतेम पाचशे किलोमीटर, वेळ सव्वा तास. तिनं स्क्रीन हळूच आपल्याकडे वळवली.

"थेट नाहीच," ती बेधडक म्हणाली. "व्हाया बंगळूर. तिथं बसून राहायचं. सगळं मिळून आठ घंटे!"

"आठ तास?"

"हौ. लई परेशान व्हाल. नक्को जाऊ."

"बघतो," म्हणून तो बिस्किटांचा पुडा टेबलावरच ठेवून निघून गेला.

पुढच्या शनिवारी तो आलाच नाही. गेला असणार! सायलीनं पोहे आणले असतील, तेही गिरकी घेऊन... खोटं बोलल्याची टोचणी होतीच, पण कधी न पाहिलेल्या त्या पोरीचा राग त्याहून मोठा होता. दुपारी एका बिचाऱ्या गिऱ्हाइकानं पुण्याचं तिकीट मागितलं, तर रेणू त्याच्यावरच खेकसली.

त्यानंतरच्या शनिवारी कौस्तुभ दारात उभा.

"आवडली?" तिनं मान वर न करताच विचारलं.

"गेलोच नाही. आठ तास लागतात ना!"

आता मात्र रेणूला राहवेना. "खोटं बोलले मी... थेट विमान हाय. सव्वा तास."

"माहितीये."

"काय?"

"फोनवर सगळं दिसतं, रेणू. विमानाची वेळ विचारायला आजकाल ऑफिसात कोण येतं?" गालावर खळी उमटली. "मला बघायचं होतं, तुम्ही खुशाल जा म्हणता की..."

"आणि मी आठ घंटे सांगितले," ती पुटपुटली. कान लालबुंद झाले होते.

"तेच ऐकून हिंमत आली. आईला सांगून टाकलं, इथलीच एक आवडलीय. उद्या आईच येतेय इथं... थेट विमानानं." तो टेबलावर किंचित वाकला. "आता एवढंच सांगा, इथून अंबरपेठला, तुमच्या घरी यायला किती वेळ लागतो?"

रेणूच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, दोन्ही एकदमच आलं.

"दहा मिनिटं. थेट यायचं. मधे कुठं थांबायचं नाही," ती म्हणाली. "कथक बघायला तर बिलकुल नक्को!"