एकटीचं छत

"खबरदार, एक शब्द बोललात तर!"

समोरच्या माणसानं तोंड उघडायला आणि तिनं हातातला लोखंडी दांडा त्याच्यावर रोखायला एकच गाठ पडली. तो बिचारा मदतीला म्हणून आला होता. उघडलेलं तोंड त्यानं तसंच मिटलं, दोन्ही हात वर केले आणि आल्या पावली आपल्या छोट्या गाडीकडे परत गेला. तिथे त्यानं घडीची खुर्ची उघडली आणि शहाण्या मुलासारखा हाताची घडी घालून बसला. बसला तो नेमका तिच्याकडे तोंड करून!

तळ्याकाठच्या त्या मोकळ्या मैदानात दुपारी गाड्या दोनच. एक त्याची, एक तिची. त्यामुळे फजितीला प्रेक्षक एकच होता, पण एकसुद्धा पुरतो की हो.

फजिती झाली होती छतामुळे. तिच्या सहलीच्या गाडीच्या टपाला एका बाजूनं लांबलचक पेटी बसवलेली होती. दांडा फिरवला की पेटीतून कापडाचं छत बाहेर यायचं. छताच्या कडेला घडी केलेले दोन पाय. ते खाली सोडून जमिनीवर टेकवले की गाडीला मस्त ओसरी मिळायची. आमच्या बाईंनी काय केलं, तर भराभरा दांडा फिरवून अख्खं छत बाहेर काढलं आणि पायांचं नावच विसरल्या. छत नाक खाली करून लोंबकळलं.

आता ती काही वेंधळी नव्हती बरं का. चांगली दातांची डॉक्टर होती. भल्याभल्यांच्या अक्कलदाढा उपटल्या होत्या तिनं. पण घरात पडली शेंडेफळ. बाबा आणि दादा दरवर्षी हे छत दोघं मिळून उभारायचे आणि तिला सांगायचे, "तू हो बाजूला, बोट चेमटेल." ती बाजूला व्हायची. असं होता होता तिशी आली. यंदा बाबांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि दादानं गाडी विकायला काढली.

"मी नेईन ना गाडी," ती म्हणाली होती.

"एकटी? छताला दोन माणसं लागतात, बाई. असं कर, एकटीनं उभारून दाखव. संध्याकाळी मी येतो. उभं दिसलं तर गाडी तुझी. नाही दिसलं तर मुकाट्यानं किल्ली द्यायची."

म्हणून तर ती इथे आली होती. आणि म्हणूनच कुणाची मदत नको होती. बाबांची गाडी परक्याच्या दारात उभी राहिलेली तिला बघवली नसती.

तिनं दांडा उलटा फिरवून छत आत घेतलं. मग हातभर बाहेर काढलं, दोन्ही पाय खाली सोडले, आणि बाकीचं कापड सावकाश उलगडलं. हे जमलं! पण एक पाय एकदम उंच केला तर दुसरी बाजू रुसली, अख्खी चौकट पिळवटल्यासारखी कुरकुरली. मग तिला युक्ती सापडली. हा पाय थोडा वर, पळत पलीकडे, तो पाय थोडा वर, पळत इकडे. धावाधाव करताना सहज नजर गेली, तर खुर्चीवाला दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

"हात का दाबून ठेवलेत?" न राहवून तिनं विचारलं.

त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"बोला, परवानगी आहे."

"सुटले तर तुमच्याकडे धावतील म्हणून," तो म्हणाला आणि पुन्हा गप्प.

तिला हसू आलं. ते लपवायला ती खाली वाकून खुंट्या ठोकायला लागली. पहिली खुंटी वाकडी गेली.

"जन्मभर उपटायचंच काम केलं," ती पुटपुटली, "ठोकायची सवयच नाही!"

खुर्चीकडून खो-खो हसण्याचा आवाज आला. तिनं डोळे वटारले, पण कान मात्र गरम झाले.

छत उभं राहिलं. अगदी सपाट, टेबलासारखं. ती कमरेवर हात ठेवून बघतच राहिली. आणि तेवढ्यात, काही कारण नसताना, पाऊस आला. टपोरा आणि तिरका. ती पळत छताखाली शिरली. खुर्चीवाला आपल्या गाडीत न जाता भिजत तिथेच बसून राहिला. त्याची नजर तिच्या डोक्यावरच्या कापडाकडे होती आणि चेहरा दाढ दुखत असल्यासारखा झाला होता.

"काय झालं?"

त्यानं जोरात मान हलवली.

तिनं वर पाहिलं. सपाट कापडाच्या मधोमध पाणी साचून भलंमोठं पोट सुटलं होतं. लोखंडी चौकट करकरली. मोडलं तर गेली गाडी!

"अहो, दिसत होतं तर सांगितलं का नाही?"

"तुम्हीच म्हणालात—"

"आता म्हणते, बोला! पण एकच शब्द!"

"उतार!"

झालं, तेवढं पुरलं. ती एका पायाकडे धावली, चाप सैल केला आणि पाय वीतभर खाली घेतला. साचलेलं पाणी घसरलं आणि धबाधबा त्या कोपऱ्यातून कोसळलं. धीर न धरवून तो नेमका तिथेच येऊन उभा होता. नखशिखान्त न्हाला!

दोघं एकमेकांकडे बघत राहिली... आणि मग असं हसू फुटलं की तिला गाडीचा आधार घ्यावा लागला.

"या आत," ती म्हणाली. "आता माझ्याकडे छत आहे."

तिनं टॉवेल दिला, थर्मासमधला चहा दिला. ओल्या केसांवरून टॉवेल फिरवताना त्याच्या भुवया विस्कटल्या, आणि त्या सारख्या कराव्यात असं तिच्या बोटांना उगाचच वाटून गेलं.

"एवढं गप्प बसायला कुठे शिकलात?"

"कामावर. अडखळत बोलणाऱ्या मुलांना मी बोलायला शिकवतो. त्यात पहिला धडा आम्हा मोठ्यांनाच असतो. मूल शब्दाशी झटत असलं की आपण तो शब्द पुरवायचा नाही. जीव तुटतो हो... पण थांबायचं. आपण पुरवला, की तो त्याचा राहत नाही."

ती चहाच्या कपात बघत राहिली. आजवर जो तो तिच्या हातातलं काढून घेत आला होता, तेही प्रेमानंच. "दे इकडे" हे दोन शब्द ऐकतच ती वाढली होती. हा माणूस मात्र हात मांडीखाली दाबून बसला... तिच्यासाठी.

"तुम्हाला त्रास झाला असेल," ती हळूच म्हणाली.

"भयंकर. पण बघायला छान वाटत होतं." तो थांबला. "छत नव्हे."

ती लाजली. तिशीच्या डॉक्टरीण बाई, पण लाजल्या, काय करणार!

नेमका तेव्हाच दादा आला. सांगितल्यापेक्षा लवकर, छत्री घेऊन. त्यानं छत पाहिलं, मग ओला पुरुष पाहिला, मग दोन कप पाहिले.

"हं. म्हणजे माणूस मिळाला वाटतं मदतीला."

तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "दादा, मी एकटीनं—"

"असू दे गं. किल्ली दे."

खुर्चीवाल्यानं बोलायला तोंड उघडलं. तिच्याकडे पाहिलं. आणि मिटलं. त्यानं साक्ष दिली असती तरी दादानं ती मानली नसती, हे तिला कळत होतं. तो उठला, आपल्या गाडीजवळची खुर्ची उचलली आणि पाऊस अंगावर घेत पार तळ्याच्या काठाला जाऊन, गाडीकडे पाठ करून बसला. नजरेनं खुणावलं असंही कुणी म्हणायला नको.

तिनं खोल श्वास घेतला. "दादा, थांब. परत दाखवते."

खुंट्या निघाल्या, पाय मिटले, अख्खं छत पेटीत गेलं. आणि भर पावसात पुन्हा पहिल्यापासून. हातभर बाहेर. पाय खाली. मग उरलेलं कापड. दादाचे हात दोनदा पुढे आले.

"हात खिशात, दादा."

हा पाय थोडा, तो पाय थोडा. खुंटी सरळ गेली. शेवटी एक पाय वीतभर खाली. पाणी शहाण्यासारखं कोपऱ्यातून वाहून गेलं. दादा छताखाली आला, वर बघितलं, खांब हलवून बघितला. हलला नाही.

"आम्ही तुला उगाच बाजूला ठेवली गं," तो म्हणाला. आवाज जरा जड झाला होता. "गाडी तुझी. बाबांना मीच सांगतो, खूश होतील." जाताना त्यानं तळ्याकडे मान वळवली. "आणि तो कोण?"

"अजून ठरायचंय," ती म्हणाली. दादा मिशीत हसला आणि गेला.

पाऊस उघडला होता. ती चिखल तुडवत काठाशी गेली. तो अजूनही पाठ करूनच बसला होता, ओला चिंब.

"एकदाही वळला नाहीत?"

"मानेला गोळे आले... पण नाही." त्यानं अजून मागे पाहिलं नव्हतं. "जमलं ना? सांगा ना लवकर."

"जमलं."

तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की जणू गाडी त्यालाच मिळाली होती. तिला वाटलं, हा माणूस आवडलाय आपल्याला. चांगलाच आवडलाय.

"ओलं कापड गुंडाळून ठेवलं की त्याला बुरशी धरते," ती म्हणाली. बोलताना शब्द जरा लटपटले. "उद्या कुठेतरी ऊन बघून ते परत उघडायला लागेल. वाळेपर्यंत थांबायला लागेल."

"पण ते तर तुम्हाला एकटीला येतं."

"येतं ना. म्हणूनच तर विचारतेय." तिनं सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "येशील?"

"येतो," तो म्हणाला. "तू म्हणशील तिथे."

हुश्श! आणि खरं सांगायचं, तर दादानं गाडी दिली तेव्हासुद्धा तिचा जीव एवढा भांड्यात पडला नव्हता.